मामांच्या हौदातले मासे

मामांना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी गल्लीत त्यांचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "तेच ना, त्या आफ्रिकेच्या पोराला मलेरिया लावणारे?" परवा किराणा दुकानात एक बाई असंच सहज बोलून गेली आणि माझं डोकं फिरलं. मी तिथेच तिच्याशी भांडले. दुकानदार मध्ये पडला. "जाऊ द्या ना बाई, गेलेला माणूस आहे," तो म्हणाला. गेलेला माणूस आहे म्हणूनच जाऊ देता येत नाही, हे काही मला त्याला समजावता आलं नाही. घरी आले, पिशवी ओट्यावर टाकली आणि लिहायला बसले.

मामा माझे घरमालक. खाली ते एकटेच राहायचे, वरच्या मजल्यावर मी. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, म्हणून ते मला 'बाई' म्हणायचे. त्यांची बहुतेक सगळी नोकरी शहरातल्या रस्त्यांखालचे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात गेली. निवृत्त झाल्यावरही कमरेएवढी लोखंडी चावी त्यांनी दाराआड उभी करून ठेवली होती. "नव्या पोरांचा हात लई जड हाय," ते म्हणायचे. "झटक्यात खोलत्यात. पाणी बिथरतं."

पाणी बिथरतं यावर त्यांचा पक्का विश्वास होता. सकाळी उठून ते आधी अंगणातल्या नळाच्या पाइपाला कान लावायचे. छाती तपासणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा करून बोटाने दोनदा टकटक करायचे आणि मग निकाल सांगायचे, "हवा हाय नुसती." जिन्यात भेटले की, "जय भीम बाई, किती भरलंय?" हा ठरलेला प्रश्न. तब्येत कशी आहे, कॉलेज कसं आहे, हे त्यांनी मला सहा वर्षांत कधी विचारलं नाही. किती भरलंय, एवढंच. माझे ड्रम भरलेले असले की माझं बरं चाललंय असं ते धरून चालायचे.

यात त्यांचं काही चुकत नव्हतं म्हणा. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि तो आठवडा कधी दहा दिवसांचा होईल ते सांगता येत नाही. तासाभराच्या वाटेवर एवढं मोठं धरण आणि आमच्या घराघरांत ड्रम, टाक्या, बादल्या, पातेली, झाकलेली आणि न झाकलेली. पाहुणे आले की त्यांना बसायला जागा नसते, कारण तिथे पाणी बसलेलं असतं. याचा मला रोज संताप यायचा. मामांना यायचा नाही. त्यांना राग यायचा तो उघड्या नळाचा.

मामांच्या मुलीसाठी पडेगावचं एक स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीला, घर स्वतःचं. मामा सकाळीच बघायला गेले आणि तासाभरात परत आले. "पोरगं चांगलं हाय," त्यांनी सांगितलं, "पण दाढी करताना नळ चालू ठेवतंय." स्थळ मोडलं. पुढे मुलगी हर्सूलला दिली. जावई कसा आहे असं कुणी विचारलं की मामा म्हणायचे, "बादलीनं आंघोळ करतो," आणि त्यांच्या लेखी वर्णन पूर्ण व्हायचं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. मामा खोटं बोलत नसत. त्यांच्या खात्यातली बाकीची मंडळी बायकांनी अडवलं की "येतंय, येतंय" म्हणून सटकायची. मामा सायकल थांबवून सांगायचे, "आज नाय. उद्या बी नाय. परवा धरा." बायका शिव्या घालायच्या, पण त्यांच्या शब्दावर कपडे भिजवायचे की नाही ते ठरवायच्या. एकदा एका बड्या असामीच्या बंगल्यावर लग्न होतं आणि तिकडे अर्धा तास जास्त पाणी सोडायचा निरोप आला. मामा चावी मांडीवर घेऊन व्हॉल्व्हच्या चेंबरवर ठाण मांडून बसले. "म्होरच्या तीन गल्ल्या कोरड्या राहतील. त्यांनी मला इचारलं तर काय सांगू? मला खोटं बोलाया जमत नाय." त्यांची बदली झाली. नोकरीतली शेवटची चार वर्षं त्यांना एका ओसाड पंपावर काढावी लागली आणि त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. मलाच ऐकताना चीड यायची.

अंगणात एक दगडी हौद होता. जुन्या काळी नहरीचं, म्हणजे जमिनीखालच्या कालव्याचं पाणी थेट या हौदात यायचं असं मामा सांगायचे. खरं असेल किंवा नसेल. आता तो नळाच्या पाण्याने भरायचा आणि आम्ही दोघंही धुण्याला, आंघोळीला तेच वापरायचो. प्यायचं पाणी वेगळं. या हौदात मामांनी गप्पी मासे सोडले होते. बोटाच्या पेराएवढे, राखाडी, काहींच्या शेपटीवर रंगाचा ठिपका. मामा काठावर बसून त्यांच्याशी बोलायचे, पण त्यांना दाणा घालायचे नाहीत. मी एकदा पोळीचा तुकडा टाकला तर माझ्या अंगावर ओरडले. "खायला घालू नका बाई! पोट भरलं की आळशी होत्यात. मंग डासाची पोरं कोण खाणार?"

मला त्या हौदाची शिसारी यायची. काठाला शेवाळ, तळाला गाळ, आणि त्यात मासे, त्यांची घाण. त्याच पाण्याने आम्ही आंघोळी करायच्या. मी सहा वर्षं त्यांच्यामागे लागले होते की हौद उपसा, घासा, स्वच्छ करा. ते हसून म्हणायचे, "पाणी जितं हाय, बाई. जित्या पाण्याला थोडा वास यायचाच."

दावित माझ्याकडे मराठी शिकायला यायचा. इथिओपियाचा, पंचविशीतला, उंच, हळू बोलणारा. आमच्या शहरात परदेशी विद्यार्थी बरेच असतात, पण ते बहुतेक पदवीसाठी येतात. मराठी शिकायला आलेला हा मी पाहिलेला पहिलाच. मी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्या देशातून एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. तो तुमच्याकडे वजीर झाला. त्याने तुम्हाला नहर दिली. तुम्ही त्याच्याबद्दल तुमच्या भाषेत काय बोलता, ते मला ऐकायचं आहे."

मामांनी हे ऐकलं मात्र, त्या दिवसापासून त्यांनी त्याला 'वजीरसाहेब' करून टाकलं. तो आठवड्यातून दोनदा यायचा. आल्यावर आधी हौदाच्या काठावर मामांपाशी बसायचा, मासे मोजायचा, मग वर यायचा. मी कधीच शिकवले नसते असे कितीतरी शब्द तो मामांकडून शिकून यायचा. 'लई', 'व्हय' आणि 'इंतजाम' सगळ्यात आधी. मी ते वहीतून खोडायचे आणि तो मामांशी बोलताना ते पुन्हा वापरायचा.

वसतिगृहात त्याचं जमेना, तेव्हा मीच मामांना गळ घातली की खालची मागची खोली त्याला द्या. मामा एका पायावर तयार झाले. त्याच सुमारास त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ते आठ दिवस हर्सूलला लेकीकडे गेले.

मी संधी साधली. परदेशी माणूस राहायला येणार आणि त्याने या पाण्यात आंघोळ करायची? काय म्हणेल तो आपल्याबद्दल? आपल्या घाणेरड्या सवयींबद्दल तिकडे जाऊन काय सांगेल? त्याने स्वतः कधी तोंड वेडंवाकडं केलं नव्हतं, पण तो त्याचा सभ्यपणा आहे असं मी धरलं. पाण्याच्या दिवशी दोन माणसं बोलावली. जुनं पाणी अंगण आणि जिना धुवायला वापरलं, हौद ब्रशने घासला, ब्लीचिंग पावडरने चकचकीत केला आणि नव्या पाण्याने काठोकाठ भरला. मासे एका बादलीत काढून ठेवले होते. ती बादली उन्हात राहिली. दुपारी बघितलं तर सगळे पांढरे पडून वर तरंगत होते. मी ते कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतून टाकले. वाईट वाटलं, पण किती वेळ? हौदाचा तळ दिसत होता, याच आनंदात मी होते.

मामा काळा चष्मा लावून परत आले. हौदापाशी उभे राहिले. नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांनी पाण्यात हात घालून सावकाश फिरवला.

"मासे कुठं हायत, बाई?"

"मेले," मी म्हणाले. "मी दुसरे आणून देते, मामा. पण बघा ना, किती स्वच्छ झालंय!"

"आणा," ते म्हणाले. "लवकर आणा."

दावित सामान घेऊन आला त्या दिवशी त्यानेही तेच विचारलं. "मामा, मासे?" मामा म्हणाले, "गेले, वजीरसाहेब. येतील."

ते आले नाहीत. हिवताप विभागाच्या कचेरीत गप्पी मासे फुकट मिळतात, फक्त डबा घेऊन जायचं. मी हा रविवार, पुढचा रविवार करत राहिले. चाचणीचे पेपर तपासायचे होते, सणवार होते, डोकेदुखी होती. मामांना डोळ्यामुळे बाहेर पडायला बंदी. ते आपलं जुनं धोतर हौदावर पसरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवायचे आणि वाऱ्याने ते पाण्यात पडायचं. त्यांनी मला तीनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा मी खेकसले, "मामा, मासे मासे काय लावलंय तुम्ही? शहरात माणसांना पाणी नाही!" त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

दीडेक महिन्याने दावितला ताप आला. भर दुपारी, ऑक्टोबरच्या उन्हात, दोन चादरी आणि माझी रजई अंगावर घेऊन तो दात वाजवत होता. दुसऱ्या दिवशी एकदम बरा झाला, इडल्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि संध्याकाळी त्याला मी कोण तेच ओळखू येईना. मी रिक्षा केली.

दवाखान्यात रक्त तपासलं. मलेरिया. अर्ज भरणाऱ्याने नाव लिहून घेतलं, देश विचारला आणि मान डोलावत म्हणाला, "हां, मग तिकडूनच आणला असंल." नर्सही तेच म्हणाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तर खाट सरकवून घेतली. माझा तोल सुटला. "तो येऊन आठ महिने झालेत! त्याचं गाव महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे, तिथे मलेरिया नसतो! त्याच्या आयुष्यातला हा पहिला मलेरिया आहे आणि तो आपण दिलाय त्याला, आपल्या शहराने!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. दावितने डोळे न उघडताच माझा हात धरला. "मॅडम, भांडू नका," तो म्हणाला. "मला लई थंडी वाजते." त्या वेळी मी 'लई' खोडला नाही.

रक्तातल्या पेशी भराभर कमी होत होत्या. दोन दिवस डॉक्टर नीट काही बोलेनात. त्याच्या आईचा फोन यायचा. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती, आणि ती नुसती रडायची. मी रडायला लागले की ती गप्प व्हायची. एका तरण्याताठ्या मुलाला भाषा शिकवते म्हणून मी इथे ठेवून घेतलं होतं. त्याच्या आईला सांगायला माझ्याजवळ एक शब्द नव्हता.

तो सगळा राग घेऊन मी कपडे न्यायला घरी आले. मामा अंगणात वाटच बघत होते. "कसं हाय आता?" त्यांनी विचारलं, आणि मी फुटले. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "तुमच्या या हौदापायी झालं सगळं! किती वर्षं सांगतेय! तुमच्या खुळापायी त्या पोराचा जीव जायची वेळ आली!" बायका दारात आल्या. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

गल्लीत आज जे बोललं जातं ते मीच त्या दिवशी पेरलं. किराणा दुकानातल्या बाईने ते दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. ती तेव्हा समोरच्या दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी हिवताप विभागाच्या एक ताई आल्या. पेशंट सापडला की आसपासच्या घरांतलं साठवलेलं पाणी तपासायचं, हे त्यांचं काम. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च आणि लांब दांड्याची पळी. त्यांनी हौदात पळी बुडवून बाहेर काढली आणि टॉर्च धरला. पांढऱ्याशुभ्र पळीत, माझ्या स्वच्छ पाण्यात, बारीक काळे धागे वळवळत होते. एकेका पळीत दहा-बारा.

"मामा, इथं गप्पी होते ना?" ताईंनी विचारलं. "मीच दिले होते तुम्हाला. या हौदात मला कधी एक अळी सापडली नाही. मी तर सगळ्यांना तुमचा हौद दाखवायची."

मी मामांच्या शेजारी उभी होते. गल्लीतल्या चार बायका फाटकाशी होत्या. मी त्या पळीकडे बघत राहिले.

"मेले," मामा म्हणाले. "माझ्या हातनं मेले. डोळ्याचं ऑपरेशन झालं, ध्यान ऱ्हायलं नाय."

"अहो, मग कळवायचं ना! तुमच्यासारख्या माणसानं असं करावं?"

"चुकलं ताई," मामा म्हणाले, आणि खाली बघितलं.

ताईंनी पाण्यात औषध टाकलं, दाराच्या पाठीमागे खडूने तारीख लिहिली आणि पुढच्या घरी गेल्या. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले.

"मामा, असं का सांगितलंत?"

"मंग काय सांगू?" ते माझ्यावर चिडले. "ते पोरगं परक्या मुलखात तुमच्या भरवशावर आलंय. माझ्यावर रागावलं तर घर बदलंल. तुमच्यावर रागावलं तर भाषाच सोडंल."

त्याच संध्याकाळी ते रिक्षाने दवाखान्यात गेले. दावितला शुद्ध आली होती. त्याच्या पायाशी उभं राहून मामांनी सांगितलं, "वजीरसाहेब, माझ्याकडनं कसूर झाली. मासे मेले ते माझ्यामुळं." दावितने हात जोडले. मी खिडकीशी फळं कापत होते. कापतच राहिले.

सहाव्या दिवशी तो घरी आला. गोळ्यांचा लांबलचक कोर्स होता. मामांनी गोळीची वेळ व्हॉल्व्हच्या वेळेसारखी पाळली. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मासे मात्र मी आणले. दुसऱ्याच सकाळी, रजा टाकून. मामांनी डब्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "उपाशी ठेवा."

मायदेशी जाण्याआधी दावितला एक निबंध लिहायचा होता. विषय मीच दिला होता, 'मला भेटलेला माणूस'. त्याने मामांवर लिहिला, चार पानं. पाइपाला कान लावणं, पडेगावचं स्थळ, लोखंडी चावी, सगळं त्यात होतं. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: 'मामांच्या चुकीमुळे मासे मेले आणि मी खूप आजारी पडलो, पण मी मामांना क्षमा केली.' मी लाल पेन घेऊन चारही पानं तपासली. वेलांट्या सुधारल्या, 'लई' खोडला, एके ठिकाणी 'सुंदर' लिहिलं. त्या वाक्याला हात लावला नाही. त्यात लिहिण्याची एकही चूक नव्हती.

जायच्या दिवशी त्याने तो निबंध हौदाच्या काठावर बसून मामांना वाचून दाखवला. मामा मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. ते वाक्य आलं तेव्हा मी माशांकडे बघत होते. वाचून संपल्यावर मामांनी मान हलवली.

"बेस लिवलंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तपासलंय ना तुमी?"

"हो," मी म्हणाले.

"मंग बरोबरच असंल."

इतकी वर्षं मी सगळ्यांवर चिडत आले. खात्यावर, धरणावर, दवाखान्यातल्या माणसावर, गल्लीतल्या बायकांवर. पण त्या 'हो' इतकी चीड मला कशाचीच नाही. मामा खोटं बोलले ते एकच, आणि तेही माझ्यासाठी. आणि ते खोटं मी आजपर्यंत तपासून, बरोबर म्हणून ठेवलं.

निबंधाची ती वही दावितने जाताना मामांना दिली होती. ते गेल्यावर त्यांच्या लेकीने मला आणून दिली. आज ती समोर उघडी आहे. तिसऱ्या पानावर लाल पेनने मी 'मामांच्या' खोडलं आणि वर 'मॅडमच्या' लिहिलं. उद्या ही वही घेऊन मला किराणा दुकानात जायचं आहे. दावित अजूनही दर आठवड्याला मला फोनवर मराठीत पत्र लिहितो, मी ते तपासून पाठवते. त्या पानाचा फोटो काढून मघाशी त्याला पाठवला. खाली दोन निळ्या खुणा उमटल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.